चाकं फिरवायची अट

आभाळ पहाटेपासूनच कोंदून आलं होतं. पाऊस पडायचा नव्हता आणि ऊनही निघायचं नव्हतं. नुसतं पूर्वेचं गार वारं नौबादच्या माळावरून सुटलं होतं आणि दोरीवरची लुगडी सुटायला बघत होती. असल्या हवेत तुरीचा फुलोरा गळतो म्हणतात. सुमनबाईनं न्हाणीपुढच्या चुलीत तुराट्या सारल्या होत्या, पण वारा धूर वर जाऊ देत नव्हता. तो सगळा अंगणात लोळत होता, आणि त्या धुरात नागनाथ खोकत खोकत गाडी पुसत होता. एकदा पुसून झाली होती. दुसऱ्यांदा चालली होती.

"अवो, किती पुसायलाव ती गाडी? पत्रा झिजल की."

"धूळ बसलीया."

"रात्री झाकून ठिवली हुती न्हवं?"

"झाकणावरची बसलीया," नागनाथ म्हणाला आणि फडकं बादलीत असं आपटलं की पाणी सुमनबाईच्या चुलीपर्यंत उडालं.

खरं दोघांनाही ठाऊक होतं. धुळीचं काही नव्हतं. आज सुनेची, पंचशीलाची परीक्षा होती, आणि परीक्षा घेणाऱ्यालाच रात्रभर झोप लागली नव्हती.

नागनाथचा जन्म खटकचिंचोळीचा. बूड टेकवून बसणं त्याच्या नशिबात नव्हतंच. शाळेत असताना मास्तर त्याला मुद्दाम दाराशी बसवायचे. आत बसवला तर तो सगळ्या वर्गाला हलवायचा. मिसरूड फुटायच्या आधी तो बिदरला पळाला, खाजामियां नावाच्या ट्रक ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर झाला, आणि पुढं सरकारी खात्यात जीपवर लागला. साहेब बदलत गेले, जीपा बदलत गेल्या, नागनाथ तोच राहिला. कलबुर्गी, हुमनाबाद, औराद, भालकी. जिल्ह्यातला एक खड्डा असा नव्हता की ज्यात त्याचं चाक गेलं नाही. साहेब बैठकीला आत गेले की बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते टाकायचे. हा मात्र जीपभोवती फेऱ्या घालायचा, चाकाला लाथ मारून हवा बघायचा, बोनेट उघडायचा, लावायचा. स्वतःच्या लग्नात बुद्धवंदना झाली, फुलं पडली, आणि नवरदेव दिसेना. शोधलं तर हा वऱ्हाडाच्या टेम्पोखाली. टेम्पोचा आवाज त्याला बरा वाटला नव्हता. सुमनबाई हे अजून सांगते, आणि अजून रागानं सांगते.

रिटायर झाल्यावर असला माणूस घरात ठेवायचा म्हणजे पिंजऱ्यात कोल्हा ठेवायचा. पण नशीब त्याचं. पोरगा अमरदीप पुण्याला कंपनीत, आणि सून पंचशीला चिंताकीच्या दवाखान्यात नर्स. बस वेळेवर मिळत नाही म्हणून अमरदीपनं जुनी ऑल्टो घेऊन दिली आणि नागनाथला पुन्हा स्टिअरिंग मिळालं. रोज सुनेला न्यायचं, दिवसभर दवाखान्यापुढच्या लिंबाखाली थांबायचं, संध्याकाळी आणायचं. त्याला वाटलं, आता मरेपर्यंतची सोय झाली.

तो थांबायचा, पण त्याला थांबता यायचं नाही, तिथंच सगळं बिघडलं. तासातासाला तो दवाखान्याच्या दारातून मुंडी आत घालायचा. "निघायचं का?" पंचशीला कुणाला सुई टोचत असो की पोराचं वजन करत असो, "निघायचं का?" एकदा तर कहर झाला. आत बाई बाळंत व्हायला लागली होती, कळांवर कळा, आणि पडद्याबाहेरून ह्याचा आवाज, "पंचशीला, निघायचं का?" ती बाई कळ सोसत ओरडली, "कोन हाय ह्यो मामा? आधी ह्याला बाळंत करा!"

सगळा दवाखाना हसला. पंचशीला हसली नाही.

पुढं दोन-तीन महिन्यांनी तिनं लायसन सासऱ्यापुढं ठेवलं. सुट्टीच्या दिवशी बाजाराचं निमित्त काढून, बिदरला क्लासला जाऊन ती गाडी शिकली होती. नागनाथनं लायसन उलटंपालटं करून बघितलं. घरात आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस असताना सून बाहेर पैसे देऊन शिकते, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"कामून? मी मेलो हुतो का?"

"तुमच्याकडं शिकले असते तर स्टिअरिंगवर चार हात असते मामा."

सुमनबाई तोंडाला पदर लावून आत गेली. नागनाथ दोन दिवस जेवला, पण बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं अट घातली. खाजामियां उस्तादाची जुनी अट. ज्याला चाक काढता येत नाही, त्यानं गाडी रस्त्यावर न्यायची नाही. उस्ताद म्हणायचा, "चक्का खोलना नै आया तो इस्टेरिंगकू हात नक्को लगाओ मियां." पुढचे टायर कडेनं घासून गुळगुळीत झालेच होते, मागच्यांची नक्षी अजून शाबूत होती. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करायची वेळ आलीच होती. ते पंचशीलानं करावं. डिकीत जेवढं सामान आहे तेवढ्यावर, एकटीनं. "माझा हात लागला की तू नापास. मग गाडी मीच चालवणार."

"आन मी पास झाले तर?"

"तर जा एकटी."

"दवाखान्यापुढं येऊन बसणार न्हाई?"

नागनाथनं चाकाला लाथ मारून हवा बघितली. "न्हाई."

तो निर्धास्त होता. मागच्या खेपेला नट त्यानं स्वतः पान्यावर उभं राहून आवळले होते. पोरीच्या हातानं ते हलणारच नव्हते. मग पहाटेपासून जिवाची तगमग का होत होती, ते त्यालाच कळत नव्हतं.

पंचशीला अमरदीपचा जुना शर्ट घालून, केस बांधून बाहेर आली. शेजारचा बसवप्रभु तोवर कट्ट्यावर येऊन बसलाच होता. त्याला पावशेर तमाशा असला की चहा लागत नाही.

"अण्णा, एक सांग," बसवप्रभु म्हणाला. "उजव्या अंगाचा बैल डाव्या अंगाला जुपला तर चालतो का? न्हाई चालत. मग ही चाकं कशाला फिरवायची? ज्याची त्याला सवय असती."

"आरं, रबर हाय त्ये. बैल हाय का?"

"सवय सगळ्यांनाच असती."

"आन मी उजवीकडचं डावीकडं करायलेच न्हाई काका," पंचशीला पाना काढत म्हणाली. "उजव्या अंगाचं पुढचं उजव्याच अंगाला मागं. बैल आपल्याच अंगाला ऱ्हायले."

"हौद हौद, मग ठीक," बसवप्रभुनं कानडीत होकार भरत मान डोलवली.

नागनाथ बाजेवर बसला. लगेच उठला. परत बसला. अट त्यानंच घातली होती, आता हात मांडीखाली दाबून बसणं भाग होतं.

पंचशीलानं हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. जे चाक उचलायचं त्याच्या समोरच्या अंगाच्या चाकांना मागून पुढून दगड लावले. नागनाथला वाटलं होतं, ही आधी जॅक लावेल, गाडी उचलेल, आणि मग अधांतरी चाकाचे नट सोडवायला जाईल तेव्हा चाक गरगरा फिरेल, आणि आपण हसू. पण तिनं गाडी जमिनीवर असतानाच पाना नटाला लावला. शिकवणारा बरा भेटला होता. नागनाथनं मनात त्या न बघितलेल्या माणसाला एक शिवी दिली.

नट हलेना. ती दोन्ही हातांनी ओढून थकली. नागनाथच्या मिशीत हसू आलं. मग तिनं चपला काढल्या, टपाला धरलं आणि सरळ पान्यावर उभी राहिली. एक झोका दिला, दुसरा दिला. किर्रर्र करून नट सुटला.

"व्वा ग वाघिणी!" बसवप्रभु म्हणाला.

"गप बस," नागनाथ म्हणाला.

उजवं अंग तिनं बघता बघता उरकलं. तिथली जमीन तांबड्या मुरमाची, खडक. जॅक घट्ट बसला. पुढचं चाक काढलं, त्याच्या जागी स्टेपनी लावली. मागचं काढून तिथं पुढचं लावलं, आणि शेवटी स्टेपनी काढून तिथं मागचं. गाडी उचललेली असली की निघालेलं चाक ती दर वेळी आडवं करून गाडीच्या पोटाखाली सारत होती, म्हणजे जॅक दगा देईल तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. नटही समोरासमोरचे आवळत होती, एक इकडचा, एक तिकडचा. नागनाथला बोट ठेवायला जागा सापडेना. तो बाजेचा सुंभ उसवायला लागला.

डाव्या अंगाला मात्र नळ होता. गळका. तिथली माती कायम लोण्यासारखी. गाडी जागची हलवावी तर पुढं कट्टा, बाजूला न्हाणीची भिंत, आणि मागं गेटापर्यंत तोच चिखल. पंचशीलानं पायानं माती दाबून बघितली आणि मागून एक बाभळीची जाड फळी घेऊन आली.

"फळी कशाला?" नागनाथ बोलला. हात लावायचा नव्हता, बोलायला बंदी नव्हती. "शहाबादी फरशी हाय की. ती घाल जॅकखाली."

ह्या मुलखातल्या माणसाला दगड माग, तो फरशी देतो. घरात फरशी, ओट्याला फरशी, गटारीवर फरशी, चुलीमागं फरशी, भांडी ठेवायला भिंतीत फरशी. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फरशी तेवढी माणसाच्या पलीकडं टिकते, असा सगळ्यांचा पक्का समज.

"तडकंल न्हाई का मामा?"

"तडकंल? आगं, ती धुण्याची बग. तुझी सासू हितं आली तवापासनं तिच्यावर गोधड्या आपटायलीया. तडकली का?"

"माझी फरशी कुनी हलवायची न्हाई!" आतून सुमनबाई ओरडली. पण तोवर पंचशीलानं ती ओढत आणली होती. सासऱ्यानं आयुष्यभर हेच काम केलं, तेवढं तरी ऐकावं, असं तिला वाटलं असेल. तिनं फरशी चिखलावर टाकली, वर जॅक ठेवला, गाडी उचलली, पुढचं चाक काढलं.

आणि फोन वाजला. पुण्याहून अमरदीप.

"झालं का?"

"चालू आहे."

"बाबा काय करायलेत? ओरडायलेत का? तू नीट कर, घाई करू नको. झालं की सांग. लगेच सांग."

"तुम्ही फोन ठेवला तर होईल की," पंचशीला म्हणाली. बापाचाच पोरगा. बोलता बोलता तिनं हातातलं चाक न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. फोन खिशात टाकला, फडकं घेतलं आणि चाक बसतं तिथला चिखल पुसायला वाकली. हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला.

नागनाथनं बघितलं.

चाक भिंतीला होतं. गाडीच्या पोटाखाली काही नव्हतं.

सांगायला तीन शब्द पुरले असते. ते जिभेवर आलेही. पण मागून दुसरा विचार आला. बोलू नये. सगळं होऊ द्यावं, आणि शेवटी उठून म्हणावं, चाक खाली सारलं न्हाईस, उस्तादाच्या हाताखाली असतीस तर कानाखाली बसली असती. नापास. किल्ली हितं दे. उद्या सकाळी आपण स्टिअरिंगवर, लिंबाची सावली, संध्याकाळचा रस्ता. सगळं पहिल्यासारखं.

त्याचा पाय हलायला लागला. गुडघा आपोआप वरखाली. बसवप्रभु काहीतरी तुरीच्या भावाचं बोलत होता. पंचशीला आत हात घालून पुसत होती. पुसतच होती. किती पुसती ही? धूळ हाय का काय? नागनाथ बाजेच्या कडेला आला. परत मागं सरकला. वाऱ्यानं लुगडं दोरीवरून सुटून गेटला अडकलं, कुणी उठलं नाही.

टक्.

इतका बारीक आवाज, की एखाद्यानं नख मोडलं असेल. बसवप्रभुला ऐकू आला नाही. पंचशीलाला आला नाही. नागनाथचं सगळं आयुष्य गाडीखालचे आवाज ऐकण्यात गेलं होतं. फरशीखालची माती एका अंगानं खचली होती, फरशी मधोमध अधांतरी होती, आणि जॅकचं एवढंसं बूड सगळी गाडी घेऊन नेमकं तिथंच उभं होतं. धुण्याचा मार वेगळा, हा भार वेगळा.

ओरडायला वेळ नव्हता. तो बाजेवरून उठला कधी, भिंतीपाशी पोचला कधी, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. चाक आडवं पाडलं, दोन्ही हातांनी गाडीखाली लोटलं, आणि सुनेच्या शर्टाची बाही धरून तिला मागं खेचली.

फरशी दुभंगली. जॅक कलंडला. गाडी धाडकन चाकावर बसली आणि काचा थडथडल्या.

"आभाळ गरजलं का काय?" सुमनबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आली.  पंचशीला चिखलात बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. बोटं मिटत होती, उघडत होती. जिथं ती पुसत होती तिथं आता गाडीचा पत्रा खाली आला होता, आणि मधल्या फटीत फडकं लोंबत होतं.

ती म्हणाली, "चाक खाली सारायचं इसरले मी."

नागनाथ उभाच होता. हाताला चिखल आणि काळं.

"तुमचा हात लागला मामा. अट मोडली."

"अट म्हंजे अट," बसवप्रभु कट्ट्यावरून हळूच म्हणाला. "पोरगी गुणाची हाय, पर अट म्हंजे अट."

झालं. जे पाहिजे होतं ते आपण होऊन पदरात पडलं होतं. नागनाथनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तो दोन पावलं गेटकडं गेला, अडकलेलं लुगडं सोडवलं, ते कुठं ठेवावं ते न कळून तसाच हातात धरून परत आला.

"मी बगितलं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"चाक भिंतीला टेकवलेलं. तू फोन खिशात टाकलीस, तवाच बगितलं हुतं. बोललो न्हाई."

"कामून?"

"तू नापास व्हावीस म्हनून."

सुमनबाईच्या हातातलं उलथनं खाली आलं. बसवप्रभु उठला, घरी काहीतरी काम आठवल्यासारखं केलं आणि निघून गेला. असल्या वेळी तो तमाशा सोडतो, एवढं त्याचं चांगलं आहे. पंचशीला चिखलातून उठली. ती रडली नाही, ओरडली नाही. दवाखान्यात दारू पिऊन आलेल्या माणसाशी बोलते तसल्या सपाट आवाजात म्हणाली, "ह्या हातानं मी लोकांच्या लेकरांना बाहेर काढते मामा. फरशी तुम्ही घाला म्हणालात. मी घातली. कारण तुम्ही म्हणालात."

नागनाथनं हातातलं लुगडं दोरीवर टाकलं. 

"ती फळी आना."

तो गेला आणि फळी घेऊन आला.

"फरशीचे तुकडे काढा. माती दाबा. पायानं न्हाई, दगडानं दाबा. आता फळी ठेवा. हलती का बगा."

"हलत न्हाई."

"जॅक लावा. नीट खाचेत लावा. मी फिरवते. तुम्ही जॅककडं बगायचं, माझ्याकडं न्हाई. आन काय ऐकू आलं तर बोलायचं. लगेच बोलायचं."

"व्हय."

क्लीनर असताना खाजामियां त्याच्याशी असाच बोलायचा. इतक्या वर्षांनी तो पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली उकिडवा बसला होता. गाडी हळूहळू वर आली. खालचं चाक मोकळं झालं, पण पंचशीलानं ते काढलं नाही. स्टेपनी बसेपर्यंत तिथंच राहू दिलं. फळी जरा कुरकुरली. "फळी बोलायलीया," नागनाथ लगेच म्हणाला. तिनं थांबून वाकून बघितलं. "दबायलीय, तुटत न्हाई," ती म्हणाली आणि पुढं कामाला लागली. डाव्या अंगाची चाकं बसली, गाडी जमिनीवर टेकली, आणि तिनं सगळे नट पुन्हा एकदा पान्यावर वजन टाकून आवळले. नागनाथचा हात पान्याकडं गेला होता. तिनं पाना त्याला दिला नाही. पिशवीत घातला, पिशवी डिकीत टाकली, डिकी लावली.

"हवा?" नागनाथनं विचारलं.

"जाताना पंपावर बगते."

"एकदा चिंताकीला जाऊन आलीस की नट परत आवळ. नव्यानं बसवलेले ढिले पडत्यात."

"म्हाईत आहे."

किल्ली तिनं मागितली नाही. त्यानंच खिशातून काढून बोनेटवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आभाळ तसंच होतं. पंचशीला डबा घेऊन निघाली. सासूला सांगितलं, सासऱ्याला नुसतं "येते" म्हणाली. कालपासून तेवढंच बोलत होती. रिव्हर्स घेताना गाडी एकदा बंद पडली. नागनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी पुन्हा चालू झाली, गेटातून निघाली, वळली. तो रस्त्यापर्यंत गेला. आवाज ऐकत राहिला. दुसऱ्या गिअरमध्ये लई ओढायलीया. टाक की तिसरा. टाक. टाकला. मग मोठ्या रस्त्याच्या ट्रकांत तो आवाज मिसळून गेला आणि वेगळा काढता येईना.

तो परत आला. अंगणाला एक फेरी घातली. गाडी असायची ती जागा मोकळी होती, तिथं तेलाचा एक डाग होता. त्यानं दुसरी फेरी घातली. खिशातून फोन काढला, आत ठेवला. बाजेवर बसला. उठला.

"अवो," सुमनबाई दारातून म्हणाली, "असं येरझाऱ्या घालून भाकरी मिळनार न्हाई. पीठ सपलंय. दळण घिऊन जावा."

"आत्ता?"

"मग काय दुपारी? दुपारी लाईट जाती."

तिनं जोंधळ्याचा डबा पुढं ठेवला. नागनाथनं तो उचलून खांद्यावर घेतला, जरा सावरला, आणि वाऱ्यात डोळे बारीक करत गिरणीच्या बोळात शिरला. गिरणीत दोन बाया आधीच होत्या. त्यानं त्यांच्या डब्यांमागं आपला डबा ठेवला.

"मोठं का बारीक मामा?" गिरणीवाल्यानं पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"भाकरीचं," नागनाथ म्हणाला, आणि डब्याच्या मागं उभा राहिला.